केबलचा शेअर आणि जावयाचा कागद

"मामा, मला विचाराल तर बँकेपेक्षा केबलचा शेअर घ्या," जावई म्हणाले, आणि शर्टाच्या खिशातून चौघडी घातलेला कागद काढून मांडीवर पसरला.

रविवारची दुपार होती. शेंगाच्या पोळ्या चापून आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत बसलो होतो. एक मी, दुसरे आमचे जावई राजशेखर मगदूम, इचलकरंजीच्या सूतगिरणीत फिटर, आणि तिसरे माझे डेपोतले जुने दोस्त घोरपडे. माझी लेक शैलजा आत आईबरोबर आवरत होती. लग्नाला दीड वर्ष झालेलं. मी एसटीतून तपासनीस म्हणून रिटायर होऊन चार महिने झाले होते आणि फंडातले चार लाख कुठंतरी ठेवायचे होते. बाकीचं घरावर गेलेलं. आमच्या दोघांच्या म्हातारपणाला ते चार लाखच काय ते उरले होते, दुसरं काही नाही. ते बुडाले असते तर या वयात कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागलं असतं.

"केबल म्हणजे ते टीव्हीचं?" मी विचारलं.

"हो. गगन केबल. आणि घोरपडेसाहेब सांगतात ती शुभसागर बँक. दोन्ही घेऊन बघितल्या तर..." त्यांनी कागदात बघितलं. "बँकेचा भाव तिच्या वर्षाच्या कमाईच्या बावीसपट आहे. केबलचा अकरापट. म्हणजे केबल स्वस्त आहे."

"स्वस्त का आहे?"

"अं?"

"बाजारात एखादी वस्तू निम्म्या भावात मिळते तेव्हा मी आधी उलटी करून बघतो. का स्वस्त आहे?"

जावयांनी पुन्हा कागद बघितला. मग खिडकीतून बाहेर बघितलं.

आता तुम्हाला सांगतो, सत्तावीस वर्षं मी लाइन चेकिंग केलं. गाडीत चढल्यावर विनातिकीट माणूस कोण, हे मला तिसऱ्या बाकाला पोचायच्या आत कळायचं. तो विचारायच्या आधीच खिडकीबाहेर बघतो. उगाच खिसा चाचपतो. आणि दुसऱ्याचा पास घेऊन बसलेला असला तर त्याला पासावरचं नाव वाचूनच सांगावं लागतं. आमचे जावई अगदी तसेच बसले होते. बोलणं त्यांचं नव्हतं. कुणीतरी लिहून दिलेलं ते वाचत होते.

"कंपनीवर कर्ज किती?" मी विचारलं.

कागद उलटा झाला, सुलटा झाला. "आहे थोडंफार. सांगतो."

"ग्राहक किती?"

"अठ्ठावीस लाख."

"हे कंपनीनं सांगितलं. खरं कशावरून?"

घोरपडे मध्येच म्हणाले, "अहो तोडकर, कशाला त्या केबलच्या नादी लागताय? तारा लोंबकळतात, पाऊस आला की चित्र जातं. बँक ती बँक. मी स्वतः घेतलाय. डोळे झाकून घ्या."

घोरपड्यांना मी एकही प्रश्न विचारला नाही. आमच्या खात्यात रीत होती. गाडीत आपला स्टाफ बसलेला असला की त्याचा पास बघायचा नाही. हात वर करून 'स्टाफ' म्हणाला की झालं. घोरपडे वाहतूक नियंत्रक होते. त्यांनी बँक म्हटलं, मी मान डोलावली.

पण जावयांना मी सोडलं नाही. "राजशेखरराव, हा कागद कुणी दिला?"

"मीच काढलं सगळं."

त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तुम्ही काढलं? मग एवढं सांगा, यात तुम्हाला किती सुटतं?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. घोरपड्यांनी पान तोंडात धरलं होतं ते तसंच राहिलं. दीड वर्षाच्या जावयाला सासऱ्यानं, तेही चारचौघांत, दलाली किती मिळते म्हणून विचारणं! आमच्यात जावयानं ताटात मीठ जास्त झालंय म्हटलं तरी सासू दुसरं ताट वाढते. मला ते सगळं कळत होतं. पण संशय एकदा घुसला की माझं तोंड माझ्या ताब्यात राहत नाही, तेव्हाही नव्हतं.

जावई उठले, चप्पल घातली. चहाला थांबले नाहीत. हिनं, म्हणजे इंदूनं, माझ्याकडं असं बघितलं की घोरपडेही घाईघाईनं निघाले.

शैलजा पिशवी घेऊन बाहेर आली. माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाली, "अण्णा, जावयाला असं विचारतात?"

"पैसे माझे आहेत," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली, आणि गेली.

तो कागद मात्र खुर्चीखाली पडून राहिला.

मी तो रात्रीपर्यंत चार वेळा वाचला. पुढच्या बाजूला दोन रकाने, एकीकडं बँक, दुसरीकडं केबल, खाली आकडे. दलालाचा शिक्का नाही, फोन नंबर नाही. मागच्या बाजूला पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं: 'आमची गल्ली. घरं ७१. दाखवलेली १९.'

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे तर मला झोपेतही कळलं असतं. गाडीत प्रवासी एकाहत्तर आणि तिकिटं फाडली एकोणीस! म्हणजे गल्लीतला केबलवाला एकाहत्तर घरांकडून पैसे घेतो आणि कंपनीला एकोणीसच घरं दाखवतो. वरचे बावन्न त्याच्या खिशात. अशी गळकी कंपनी. आणि हे माहीत असून कुणीतरी माझ्या जावयाला सांगतंय, सासऱ्याला घ्यायला लावा.

कोण?

मग माझं लक्ष अक्षराकडं गेलं. गोल, टपोरं, ओळीत नीट बसवलेलं. आकड्यातल्या साताला मधून छोटी रेघ. कंडक्टरांची हजारो वेबिलं, म्हणजे फेरीच्या हिशोबाचे कागद, बघितलेला माणूस मी, अक्षरावरून माणूस ओळखायचो. हे पुरुषाचं अक्षर नव्हतं. बाईचं होतं.

झालं. मनात पाल चुकचुकली ती थांबेना. शेअर दलालाच्या ऑफिसात कामाला असलेली कुणी बाई. जावयांची ओळख. नुसती ओळख की आणखी काही? तिच्यासाठी हे सासऱ्याचे चार लाख तिकडं वळवायला निघालेत का? म्हणून कानाच्या पाळ्या लाल झाल्या का? दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. इंदूला काही बोललो नाही. तिनं विचारलं, "पोट बिघडलंय का तुमचं?" मी हो म्हणालो.

बुधवारी सकाळी कराडहून सहाच्या गाडीनं इचलकरंजी गाठली. कुणाला कळवलं नाही. तपासनीस कळवून येत नसतो. एक स्टॉप आधीच उतरलो, आणि लेकीच्या गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर, खांबाआड बाकडं धरून बसलो. जावयांची दुसरी पाळी होती म्हणजे दुपारपर्यंत ते मोकळे. बाहेर पडले की मागं लागायचं, असा बेत.

साडेदहाला दार उघडलं. जावई नाही, शैलजा बाहेर आली. खांद्याला पिशवी, हातात वही. भराभरा चालत उजवीकडच्या गल्लीत शिरली.

आता ही कुठं निघाली? नवरा घरात असताना, ना भाजीची पिशवी, ना डबा, हातात वही घेऊन? मी चहाचा पेला तसाच ठेवला आणि निघालो.

त्या गल्लीत दोन्ही बाजूंना यंत्रमागाचे कारखाने. खडखडखडखड आवाज, शेजारचा माणूस बोललेला ऐकू येत नाही. शैलजा एका दारात उभी राहिली. बाई बाहेर आली. शैलजानं तिच्या कानाशी वाकून काहीतरी विचारलं, वर छपराकडं बोट केलं, वहीत लिहिलं. पुढचं दार. परत तेच. तिसऱ्या दारात म्हातारीनं तिला पाणी दिलं. सात-आठ घरं झाली. मी मागं मागं, चोरासारखा भिंतीला चिकटून. ही काय मतं मागत फिरते की काय, मला काही कळेना.

नवव्या दाराशी ती उभ्यानं लिहीत होती. मी अगदी पाठीमागं जाऊन वाकलो आणि वहीत बघितलं.

गोल, टपोरं अक्षर. साताला मधून रेघ.

लेकीचं अक्षर. शाळेत बारा वर्षं, कॉलेजात तीन वर्षं ती माझ्या घरात लिहीत होती आणि मला ते ओळखता आलं नव्हतं.

ती वळली. दचकली. मग माझ्याकडं बघतच राहिली, आणि यंत्रमाग ओरडत होते त्यांच्या वर आवाज काढून म्हणाली, "अण्णा! चेकिंगला आलात?"

तिनं वही मिटली. "चला घरी," म्हणाली.

घरी जावई नव्हते, पहाटेच पाहुण्यांकडं कुणाची तरी गाडी दुरुस्त करायला गेले होते. तिनं मला पाणी दिलं आणि समोर बसली. मी म्हणालो, "हे सगळं तू केलंस?"

"हो."

"तो कागद?"

"माझाच. दोन्ही कंपन्यांचे वर्षाचे अहवाल मागवले, तीन महिने वाचले. कर्ज किती ते पण माहितेय मला. त्यांना पाठ झालं नाही."

"पण एकाहत्तरातली एकोणीस दाखवतात म्हणजे कंपनी गळकीच की गं!"

"आत्ता गळकी आहे अण्णा. पण सरकारनं नियम काढलाय, प्रत्येक घरात टीव्हीला डबा, सेट टॉप बॉक्स, बसवायचा. डबा नाही तर चित्र नाही. डबा बसला की प्रत्येक घर कंपनीला दिसणार. आज एकोणीस घरांचे पैसे मिळतात, उद्या एकाहत्तरांचे मिळतील. म्हणून ती आज स्वस्त आहे." ती थांबली. "मला वाटलं, अख्ख्या जिल्ह्यात हे एका माणसाला चटकन कळेल. डबा म्हणजे काय, तपासनीसच की."

खरंच, हे मला कळायला हवं होतं. मी फक्त चोरी बघितली होती.

"एकोणीस तुला कसं कळलं?"

"केबलवाल्याची बायको माझ्या भिशीत आहे. आणि तुम्ही रविवारी विचारलंत ना, कंपनीचे आकडे खरे कशावरून. म्हणून आणखी दोन गल्ल्यांत केबलची घरं मोजत होते. तुम्हाला आवडलं असतं."

"मग तू का नाही सांगितलंस? त्यांना कशाला पुढं केलंस?"

शैलजा हसली, पण ते हसणं बरं नव्हतं.

"अण्णा, विट्याच्या गाडीत तुम्ही माझा पास मागितला होता, आठवतं?"

आठवत होतं. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. पास घरी विसरली होती. मी सगळ्या पोरींसमोर तिला दंडाची पावती फाडली. पुढं कित्येक वर्षं मी हा किस्सा डेपोत छाती फुगवून सांगायचो.

"नियम होता तो," मी म्हणालो.

"दंडाचं मला काही नाही. बरोबरच होतं ते. पण घरी आल्यावर मी दुसऱ्या ड्रेसच्या खिशातून पास काढून तुम्हाला दिला. तुम्ही तो दिव्याखाली धरलात. तारीख बघितलीत, शिक्का नखानं खरवडून बघितलात. मी त्याच दिवशी मागाहून काढून आणला की काय म्हणून. नियम गाडीपुरता होता अण्णा. घरात कुठला नियम होता?"

मला ते आठवतही नव्हतं, देवाशपथ. सवयीनं केलं असणार. तिला मात्र दिवा कुठला होता तेही आठवत होतं.

"तुमच्यासमोर काही सांगायचं म्हणजे आधी पुरावे गोळा करायचे, हे मी तेव्हापासून शिकले," ती म्हणाली. "आणि उद्या भाव पडला तर? मला तुम्ही जन्मभर तारखा विचारत राहिला असता. म्हटलं, जावयाला काही सासरा प्रश्न विचारत नाही. वाईटात वाईट काय, मनातल्या मनात शिव्या द्याल. म्हणून त्यांना तयार केलं. ते नको नको म्हणत होते. मीच शपथ घातली, माझं नाव घ्यायचं नाही. त्यांनी घेतलं नाही." तिचे डोळे भरले. "घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलले नाहीत ते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पिशवीतून चेकबुक काढलं, सही केली, आणि कोरा चेक तिच्यापुढं ठेवला. "तू भर. तू म्हणशील ते."

तिनं चेक दोन बोटांनी माझ्याकडं सरकवला.

"नको अण्णा. घोरपडेकाकांची बँकच घ्या. त्यांना तुम्ही एक तरी प्रश्न विचारलात का? नाही ना? मग विश्वास तिथं आहे. पैसे तिथंच ठेवा."

तेवढ्यात जावई आले. ग्रीसनं हात काळे. मला बघून जरा थबकले, मग लांबूनच वाकून नमस्कार केला. मी उठलो. आयुष्यात मी कुणाची माफी मागितलेली नाही, अगदी चुकून दंड केला तरी नाही. म्हणालो, "राजशेखरराव, रविवारी माझं चुकलं."

"अहो मामा, काय हे! बसा. जेवल्याशिवाय सोडणार नाही," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले. भला माणूस. मी त्यांच्याविषयी दोन दिवस काय काय चिंतलं होतं, ते बाईचं अक्षर वगैरे, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इंदूलाही नाही. आज पहिल्यांदा सांगतोय.

कराडला परतलो आणि सोमवारी चारही लाखांचे गगन केबलचे शेअर घेतले. घोरपडे म्हणाले, "तोडकर, डोकं फिरलं तुमचं." जावयांना फोन करून सांगितलं, "तुमच्या कागदाप्रमाणं घेतलं." ते म्हणाले, "बरं मामा, सांगतो." कुणाला सांगतो, ते मी विचारलं नाही.

आणि सहा महिन्यांत भाव निम्म्यावर आला. डबे बसवायची तारीख सरकारनं पुढं ढकलली, केबलवाले संपावर गेले, काय न काय. चार लाखांचे दोन झाले. घोरपड्यांची बँक तिकडं चढतच होती. पुढं केबल सावरली आणि आमचे पैसे थोडेफार वाढून परत आले, पण बँकेनं तेवढ्या काळात दुप्पट दिले, हेही खरंच आहे. पण ते सगळं नंतरचं. तेव्हा दोनच लाख दिसत होते. इंदू देवापुढं बसून राहिली होती, आणि मला रात्रीची झोप नव्हती.

एका संध्याकाळी राहवेना म्हणून लेकीला फोन लावला. घंटा वाजत असताना तोंडात प्रश्नांची रांग लागली होती. कधी वाचलेस अहवाल? कुठल्या वर्षाचे? तारीख पुढं जाईल हे लक्षात कसं आलं नाही? कुणाला विचारलं होतंस?

"बोला अण्णा," ती म्हणाली. आणि थांबली. ती वाट बघत होती, ते मला इकडं कळत होतं.

मी म्हणालो, "काही नाही गं. आज भाजी काय केलीस?"

तिकडं कढईवर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"दोडका," ती म्हणाली. मग म्हणाली, "अण्णा, भाव बघितलात?"

"नाही बुवा." दिवसातून तीनदा बघत होतो.

"खोटं बोलताय."

"हो."

ती नाक ओढत हसली. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि तिनं स्वतः, जावयांना मध्ये न घालता, सांगायला सुरुवात केली. तारीख का पुढं गेली, कर्जाचं व्याज किती बसतं, तीन गल्ल्यांत मिळून तिनं किती घरं मोजली, ती आता का विकू नये म्हणते. पाऊण तास बोलत होती. त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. आपली पोरगी इतकं बोलते हे मला माहीतच नव्हतं. इंदू दारात येऊन खुणेनं विचारत होती, काय म्हणते, काय म्हणते, आणि मी हातानं तिला गप्प राहा म्हणत होतो.

मध्येच शैलजाचा आवाज खाली आला. "पण अण्णा, माझं चुकलंही असेल हं."

"असेल," मी म्हणालो. "पुढं सांग."